लाख वाती आणि एक बाक

॥ श्री मारुतीराया प्रसन्न ॥

पांढुर्णा
कार्तिक शुद्ध चतुर्थी

चिरंजीव चेतन यास सरलाआत्याचे पोटभर आशीर्वाद.

तू पाठवलेलं नवरात्रातच पोहोचलं होतं. काय पोहोचलं आणि त्याला काय लागलं ते आधी लिहून मोकळी होते. सिमेंटचा बाक नग एक, अंगावर फुटक्या फरश्या आणि बांगड्यांच्या काचा बसवलेला. ट्रकभाडं पंधराशे (संत्री घेऊन बंगलोरला गेलेला ट्रक रिकामाच परत येणार होता; मी म्हटलं रिकामा येणार होता तर पंधराशे कशाचे, तर ड्रायव्हर म्हणाला रिकाम्याचेच पंधराशे, भरल्याचे जास्त असतात). उतरवायला हमाल चार, आठशे. हमालांचा चहा दोन वेळा, कारण पहिल्या चहानंतर बाक जागचा हलला नाही. नारळ एक, पस्तीस. एका हमालाचं बोट दबलं, त्याला हळद घरची लावली, ती धरत नाही. बाक तेवढा फुकट, असं तुझ्या पत्रात होतं.

तुझी प्रकृती बरी असेल, वेळेवर जेवत असशील, असं धरून चालते. आमचं म्हणशील तर तुझ्या आतोबांचे (तू फुफाजी म्हणतोस ते सोड, मध्यप्रदेशात राहतो म्हणून नात्यांची नावं तरी आपली ठेवावी) पाय सुजतात आणि जीभ तेवढी धड आहे. माझे गुडघे देवाच्या भरवशावर आहेत. सौंसरला तुझे बाबा, म्हणजे आमचा रघुभाऊ, वरून ठीक आहे. आतून कसा आहे ते तुला माहीत आहे, कारण त्याचं कारण तूच आहेस. हे पत्र मी त्याच्याच सांगण्यावरून लिहून राहिले. भाऊबीजेला आला तेव्हा ओवाळणीच्या ताटात पैसे टाकले आणि म्हणाला, "सरले, तू लिही त्याला. तुझंच ऐकते थो." फोन करायला हरकत नव्हती, पण फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागदाला तसं करता येत नाही.

आता मुळापासून सांगते. अक्षय तृतीयेला रघुभाऊ आमच्याकडे जेवायला होता. समोर आमरसाची वाटी आणि हा रडून राहिला. इंजिनियर पोरगा, महिन्याच्या महिन्याला पगार, तो सोडून बंगलोरच्या पुलाखालच्या खांबांना रंग देत फिरतो; लोक विचारतात चेतन काय करते, तर मी काय सांगू, असं त्याचं म्हणणं. रस आंबट होता हेही एक कारण असेल, पण भावाचे डोळे पाहवेनात. त्याच शनिवारी मी बसनं जामसांवलीला गेले आणि मारुतीरायापुढे बोलले, की चातुर्मासात लाख वाती वळीन, त्रिपुरी पौर्णिमेला आपल्या आळीतल्या मारुतीच्या देवळात लावीन, पण आमच्या चेतनला टेबलखुर्चीची नोकरी लागू दे आणि हा रंगाचा नाद सुटू दे. (जामसांवलीचा मारुती निजलेला आहे हे तू लहानपणी पाहिलंस. म्हणून मी दोनदा सांगितलं.) कापूस रघुभाऊनं आपल्याच शेतातला दिला, सरकी स्वतः काढली. नेम असा, की प्रत्येक वातीला एक रामनाम. आणि पौर्णिमेपर्यंत लाख पुऱ्या झाल्या नाहीत तर सगळं फुकट. त्यात सवलत नसते. देवाचं काम आहे, मुदत वाढवून मिळत नाही.

भाद्रपदात तुझा फोन आला तेव्हा वाती तिसऱ्या हिश्श्यालाही पोहोचल्या नव्हत्या. मी तुला सहज म्हटलं, की एकटी पडले रे. म्हणजे वातींना एकटी पडले. कशाच्या वाती, कोणासाठी, हे तुला सांगायचं नव्हतं (नवस ज्याच्यासाठी असतो त्याला सांगत नाहीत, आता सांगून टाकलं कारण आता राहिलं काय). तर तू त्याचा अर्थ काय काढलास? की आत्याला एकटेपणा आला. आणि चार पानी पत्र लिहिलंस. इतकं लांब पत्र तू तुझ्या बापाला कधी लिहिलं नाहीस.

ते पत्र मी तुझ्या आतोबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. की बंगलोरात एकेका इमारतीत पाच-पाचशे घरं, आणि भिंतीला भिंत लागून राहणाऱ्याचं नाव ठाऊक नाही. की एक म्हातारे गृहस्थ घरात पडून होते आणि ते दारातल्या दुधाच्या पिशव्या पाहून कळलं. (एवढी मोठी इमारत आणि कोणीच कसं दार वाजवलं नाही?) म्हणून तुमच्या कलाकारांच्या मंडळानं चौकात, दवाखान्यासमोर, बस थांबते तिथं असे बाक मांडले. बसणाऱ्या दोघांची तोंडं समोरासमोर येतील असे वळवलेले, आणि काचा फरश्या त्या त्या भागातल्या लोकांकडूनच बसवून घेतल्या. आता तिथं अनोळखी माणसं बोलतात, उकिरडा होता तो उठला, बायका अंधार पडल्यावरही न भिता जातात कारण कोणी ना कोणी बसलेलं असतं. पुलानं आणि पोलिसानं जे झालं नाही ते या कलेनं झालं, असं तू लिहिलंस आणि खाली दोन रेघा मारल्या. आतोबा सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे पार. गावात झाडाखाली असते थो पार. एवढं शिकून पोट्टा पारापर्यंत आला."

तर तो पार आमच्या दारात आला. मी म्हटलं आत अंगणात ठेवू, ऊन खाईल, मीही खाईन. पण तुमची कला फाटकातून आत जाईना. एक टोक गेलं की दुसरं टोक शेजारच्या बाजूला तोंड करून उभं. हमालांनी तीन तऱ्हेनं पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पैशाकडे पाहिलं, आणि बाहेर पायरीलगत, नालीच्या अलीकडे, बदामाच्या झाडाखाली टेकवून निघून गेले. तिथून तो हलला नाही. म्हणजे हलला, पण ते पुढे येईल.

पहिले काही दिवस कोणी बसलं नाही. आमच्याकडे घराबाहेर बाक म्हणजे एकच अर्थ होतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर तिगावच्या दोन बायका बाकावर बसलेल्या, मांडीवर एक्सरेची पिशवी. मी विचारलं कोण पाहिजे, तर म्हणाल्या नवीन डाक्टर कितीले येते? मी सांगितलं की बाई, हे डॉक्टरचं घर नाही, ही कला आहे. त्या म्हणाल्या हो का, फी किती आहे? तेवढ्यात आतोबा बाहेर आले. चाळीस वर्षं मास्तरकी केल्यामुळे कोणी कागद पुढे केला की त्यांना तपासावाच लागतो. त्यांनी एक्सरे उजेडात धरला, हाड पाहिलं, आणि गरम पाण्यानं शेक सांगितला. पुढल्या मंगळवारी त्या बायका आणखी तिघींना घेऊन आल्या. गुडघ्याची सूज उतरली म्हणे.

मग एकदा माणसं बसायला लागली ती लागलीच. आता तुला एक गोष्ट सांगते ती नीट ऐक, तुमच्या मंडळालाही सांग. तुमच्याकडे लोक बोलत नाहीत ते ओळख नाही म्हणून. आमच्याकडे जे बोलत नाहीत ते ओळख फार झाली म्हणून. त्यांना कोणी बाकावर समोरासमोर बसवत नसतं.

समोरच्या घरातले रामाजी, रेल्वेतून रिटायर झालेले, तुला आठवत असतील. ते आणि आतोबा नऊ वर्षं बोलत नव्हते. आमची शिडी त्यांनी नेली होती ती एक पायरी कमी होऊन परत आली, एवढंच कारण. नऊ वर्षं आळीत शांतता होती. एकाला भाजीला जायचं असलं की दुसरा आत जायचा, अशी छान घडी बसली होती. तुझ्या बाकावर दोघे एकाच वेळी टेकले, पाठमोरे आहोत अशा समजुतीनं. वर पाहिलं तर नाकासमोर नाक. उठावं तर जो आधी उठेल तो हरला. म्हणून बसले. पाव घंटा बसले. मग रामाजी म्हणाले, "मास्तर, तुमची शिडी पहिलेपासूनच मोडकी होती."

"मोडकी होती तं मागायले काहून आले होते?"

"चढायले आलो होतो, तिची तब्येत पाहायले नाही आलो होतो!"

झालं. त्या दिवसापासून सकाळी सात वाजता रामाजी हजर. शिडीचं भांडण पुरलं नाही म्हणून ते तिच्या आधीच्या भांडणांवर गेले. तेही संपल्यावर ज्या भांडणांत दोघांचा काही संबंध नव्हता तीही त्यांनी वाटून घेतली.

दुपारी शेजारची केसरबाई आणि तिची सून उर्वशी. त्यांच्या घरात दोन खोल्या. तिथं भांडायचं तर कोणीतरी चुलीजवळ आणि कोणीतरी न्हाणीजवळ, समाधान होत नाही. इथं समोरासमोर बसायला मिळतं आणि वर मी उंबऱ्यात वाती वळत बसलेली, म्हणजे न्यायाधीशही फुकट. केसरबाई सुरू करते, "तुम्हीच सांगा वहिनी, चार मानसाईच्या डाळीले कुकरच्या सात शिट्ट्या? डाळ शिजवते का गाडी सोडते हे?" की उर्वशी तिकडून, "मी तीनच देते वो काकू. बाकीच्या मले ऐकूच येत नाही, आत्याबाई बोलून राहतात." (सासूलाही आत्या म्हणायचं असतं इकडे, म्हणून तुला स्पष्ट करते, तो टोला मला नव्हता.)

आणि या प्रत्येक "तुम्हीच सांगा वहिनी"ला माझं रामनाम तुटायचं. शंभराची एक जुडी बांधायची माझी रीत. सत्तरावर आले की शिट्टी. पुन्हा एकपासून. पन्नासावर आले की शिडी. पुन्हा एकपासून. एका दुपारी तर मी वातीबरोबर "राम" म्हणण्याऐवजी "कुकर" म्हटलं. ती वात बाजूला काढली आणि त्या जागी तीन जास्तीच्या वळल्या, पण मनाला लागलं ते लागलंच. दिवस जाऊन राहिले, टोपलीतला कापूस तेवढाच, आणि पौर्णिमा काही बाकावर बसून राहत नाही. मी रात्री देवाजवळ म्हटलं, मारुतीराया, ज्या पोराचा नाद सुटावा म्हणून मी हे करून राहिले त्याच पोराचा नाद माझ्या दारात येऊन बसला; तू जागा आहेस ना?

शेवटी एके दिवशी माझा तोल गेला. मी कापसाची टोपली उचलली आणि बाकाच्या मधोमध आपटली. म्हटलं, बोलायचं तर बोला, पण हात रिकामे ठेवून या दारात बसायचं नाही. नळावर हात धुवा, आणि वळा. मला वाटलं उठून जातील. चेतन, ते उठले आणि हात धुऊन परत आले.

मग काय सांगू तुला. माणूस रागात असला की वात फार सुंदर वळतो. बारीक, घट्ट, दोन्ही टोकं सारखी. उर्वशीच्या वाती तर अशा, की सासूचा विषय निघाला की तळहातावर नुसती रांग लागते. केसरबाईनं ते पाहिलं आणि तिला राहवलं नाही. म्हणाली, इतकी ढिली वात आमच्या घरात कोणी वळली नव्हती, इकडे दे. आणि सुनेचे हात आपल्या हातात घेऊन तिला दाखवायला लागली. सूनबाईनं हात काढून घेतला नाही. रामाजींच्या वाती जाड होतात, कारण त्यांना बोलताना हात हलवावे लागतात, पण त्या आतोबा पुन्हा उलगडून बारीक करतात आणि करताना रामाजींच्या साऱ्या रेल्वेखात्याला नावं ठेवतात. तिगावच्या बायका एक्सरे मांडीखाली ठेवून वळायच्या. केराचं सूप घेऊन झाडाकडे येणारे लोक बाकावर माणसं पाहून परत जायला लागले, ते एक नवीन दुखणं. झाडाखालचा उकिरडा बंद पडला. आता घंटागाडीची वाट पाहत केर घरात सांभाळावा लागतो, मलासुद्धा. दिवेलागणीला शिकवणीच्या मुली लांबच्या रस्त्यानं जायच्या त्या आता आमच्या दारावरून जातात आणि जाता जाता पाच-दहा वाती वळून जातात. जुड्यांवर जुड्या चढल्या. निम्म्या झाल्या, मग पाऊण लाख ओलांडला.

तू म्हणशील मग आत्या रडते कशाला? अरे, पुण्य कोणाचं? मी संकल्प केला तो माझ्या हातच्या वातींचा. यांच्या वातींत रामनाम नाही. शिडी आहे, डाळ आहे, रामाजींना बदली न देणारा साहेब आहे. मी देवळातल्या गुरुजींना विचारायला गेले तर ते म्हणाले घरी येऊन पाहतो. आले, बाकावर टेकले, आणि आपल्या धाकट्या भावानं वाटणीत विहीर कशी दाबली ते सांगत सांगत त्यांनी दीड जुडी वळली. उठताना म्हणाले, "वहिनी, दिवा लागला म्हणजे झालं. देव वात उलगडून पाहत नाही." आता गुरुजीच असं म्हटल्यावर मी कोणाकडे जाऊ?

पण खरं रडणं पुढंच आहे. दिवाळी तोंडावर आली, बाजाराची गर्दी वाढली, आणि रस्ते मोकळे करायची मोहीम निघाली. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी पालिकेचे साहेब ट्रॅक्टर ट्रॉली घेऊन आमच्या दारात. माणूस वाईट नव्हता, उगाच का म्हणू. उन्हातून आलेले, म्हणाले, "माताजी, दो मिनट बैठ जाऊँ?" बसले. समोर केसरबाई. तिनं सवयीनं कापूस पुढे केला, आणि नळ दाखवला. ते हात धुऊन आले. मग त्यांनी सांगितलं की बायको-मुलगी जबलपूरला, इथं बदली होऊन दोन वर्षं झाली, संध्याकाळी खोलीवर गेलं की टीव्हीशी बोलायचं, मुलगी फोनवर "हाँ पापा, हाँ पापा" म्हणते आणि ठेवते. (मला तू आठवलास.) पाऊण घंटा बोलले. चांगल्या वाती वळल्या, हाताला वळण होतं. मग रुमालानं हात पुसले, उभे राहिले, म्हणाले, "ड्यूटी है, माताजी," आणि ट्रॉलीवाल्यांना हात केला. सहा माणसं लागली. उचलताना एक हिरव्या बांगडीची काच निखळून पडली, ती मी देवघरात ठेवली आहे.

माझ्या तोंडून पहिलं निघालं ते "सुटले." खरंच निघालं. दारात शांतता, उंबरा माझा, रामनाम माझं. बसले वळायला.

चेतन, मला वळता येईना. म्हणजे वळता येतं, पण एवढे दिवस कानाला सवय झाली. आणि बोटं किती चालणार, आहेत ती दहाच. हिशेब मांडला तर पौर्णिमेपर्यंत रात्रंदिवस बसले तरी पुरत नाही; बरेच हजार कमी पडतात. मी सगळ्यांना म्हटलं, घरात या, अंगणात सतरंजी टाकते. कोणी येईना. रामाजी फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "मास्तरच्या घरात कसा येऊ वो वहिनी, आमचं बोलणं नाही." आणि ते खरंच आहे, दोघांचं बोलणं पुन्हा बंद. घरात आलं की कोणीतरी घरचा होतो आणि कोणीतरी पाहुणा होतो. सुनेला खाली बसावं लागतं, सासूला वर बसावं लागतं. चहा विचारावा लागतो, नको म्हणावं लागतं. बाकावर कोणी पाहुणं नव्हतं. हे मला बाक गेल्यावर कळलं. तुझ्या पत्रात नव्हतं.

उर्वशी भाऊबीजेला बोरगावला माहेरी गेली ती आली नाही. कालच निरोप आला की सध्या येत नाही. केसरबाई दिवसभर दार लावून आत असते. काल मी जाऊन दार वाजवलं (तुझं ते दुधाच्या पिशव्यांचं मनातून जात नाही), तर ती एकटी बसून वाती वळून राहिली होती. रडत वळल्यामुळे सगळ्या ओल्या. कामाच्या नाहीत, पण मी पदरात घेतल्या. झाडाखाली पुन्हा केर पडायला लागला. मुली दुसऱ्या रस्त्यानं जातात. अशा परीनं माझा नवस बुडाला, आळी होती त्याहून वाईट झाली, आणि गुडघे तर गेलेलेच आहेत.

तर मुद्द्याचं. रघुभाऊनं सांगितलं म्हणून लिहिते. नागपूरच्या एका ऑफिसात त्यानं ओळखीनं शब्द टाकला आहे. टेबल आहे, खुर्ची आहे, दुपारचा डबा गरम करायची सोय आहे. होकार आठ दिवसांत पाहिजे. बापाचं वय पाहा, त्याचे डोळे पाहा, संत्र्याच्या बागेत एकटा फिरतो ते पाहा. चार लोकांनी विचारलं तर सांगता येईल असं काहीतरी कर. बाकी तू समजदार आहेस.

बाकीच्या सर्वांना, म्हणजे तुझ्याबरोबर खोलीत राहणाऱ्या मुलांना, आशीर्वाद. चकल्या वेगळ्या पाठवते आहे, त्यांना पण दे.

तुझी,
सरलाआत्या

ता.क. — वरचं पत्र मी आतोबांना वाचून दाखवलं आहे, रघुभाऊलाही फोनवर वाचून दाखवलं. हे खालचं दाखवलेलं नाही. मी काल पालिकेत जाऊन आले. बाक तिथं आवारात पडून आहे, त्यावर चपराशी समोरासमोर बसतात आणि काम करत नाहीत. साहेब म्हणाले, "माताजी, बेंच है तो अतिक्रमण है. कला है तो नगर की शोभा है, मैं ख़ुद लगवा दूँगा. काग़ज़ लाइए." म्हणून असा कागद पाठव, की ही वस्तू बाक नसून कला आहे, सार्वजनिक जागेसाठीच केलेली आहे, आणि मोठमोठ्या शहरांत तिच्यामुळे काय काय अडचणी कमी झाल्या ते सगळं लिही. ते चार पानी पत्र होतं तसंच लिही, दोन रेघांसकट. मंडळाचा शिक्का पाहिजे. अस्सल पाहिजे. मी म्हटलं मोबाईलवर मागवते, तर साहेब म्हणाले मोबाईल दाखवाल तर मोबाईल फाईलला लावून घेईन.

ता.क. आणखी — त्या कागदावर करणाऱ्याची सही लागते आणि त्याचा धंदाही लिहावा लागतो. मी सांगितलं की भाचा आहे, हौसेनं करतो, आता नोकरी धरणार आहे. साहेबांनी मान हलवली. "शौक़िया नहीं चलेगा. पेशे से कलाकार होना." म्हणून नागपूरला होकार पाठवला असशील तर थांबव, नसशील पाठवला तर पाठवू नकोस. निदान पौर्णिमेपर्यंत तरी तू कलाकार राहा. नंतरचं नंतर पाहू. रघुभाऊला हे कळू देऊ नकोस. मी सांगेन त्याला, उद्यापनाचं जेवण झाल्यावर. रस नसतो या दिवसांत, पुरण करीन. बोरगावला उर्वशीला मात्र मी कळवून टाकलं आहे की बाक येऊन राहिला, तू ये. बाक आला नाही तर ती काही पुन्हा माझ्या शब्दावर विश्वास ठेवणार नाही.

ता.क. शेवटचं — वाती लावण्याआधी संकल्प बोलावा लागतो, काय मागायचं ते मोठ्यानं म्हणावं लागतं. आणि या वेळी सगळी आळी माझ्या मागं उभी असणार, कारण वाती त्यांच्याही आहेत. तिथं मी "आमच्या चेतनचा हा नाद सुटू दे" असं कोणत्या तोंडानं म्हणू? केसरबाईच पहिली माझा हात धरेल. जामसांवलीला एक बोलून आले आहे, ते बोललेलं आहे. बदलायचं तर पौर्णिमेच्या आत जाऊन पुन्हा सांगायला पाहिजे, नंतर देवालाही अवघड होतं. आतापर्यंत तुझ्यासाठी तुझ्या बापानं मागितलं, मी मागितलं. तुला कोणी विचारलंच नाही. तर तुझ्यासाठी काय मागू, ते उलट टपाली कळव. कागदाच्याच पाकिटात घाल, म्हणजे तिकीट एकदाच लागेल.